भरलेला राहिलेला पेला

मी पेला बोलतोय. कडू कॉफीचा, चिमुकला, बिनकानाचा. वाळवंटाकाठच्या मफ्रक शहरात, हाज मिस्लेहच्या बैठकीत आम्ही सहा भावंडं एका तबकात राहायचो. कान नसला तरी ऐकू सगळं येतं हो! कोण कुणाची चुगली करतो, कोण उपाशी असून जेवून आलोय म्हणतो, सगळं.

आमच्याकडे एक रीत आहे. मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी घेतो आणि न पिताच समोर ठेवतो. यजमान "पी" म्हणाला, की मागणं मान्य. पेला भरलेलाच राहिला तर घराची अब्रू जाते. आमच्या भरवशावर सोयरिकी जुळल्या, खुनाची वैरं मिटली. मला त्याचा भारी ताठा होता.

कॉफी ओतायचं काम सुहैबकडे असायचं. हाजच्या मेलेल्या धाकट्या भावाचा हा मुलगा, एरवी वाळवंटातल्या रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवायचा. पेला किटलीच्या तोटीवर टण्णकन वाजवून तो पाहुण्याला द्यायचा. तशी पद्धतच आहे. पण पुढंपुढं तो आवाज थांबेना. म्हातारे खूश! "पोराच्या हातात काय नाद आहे!" म्हणायचे.

नाद कसला, त्याची बोटं थरथरत होती. मी त्याच बोटांत होतो, मला कळत होतं. दोन-दोन चंद्रकोरींचा छाप असलेल्या गोळ्या त्याच्या खिशात असायच्या. गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून एका ड्रायव्हरनं पहिली दिली होती. मग गोळीशिवाय त्याला उठताही येईना. मला ओरडता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

त्याच्या आईनं, नौफानं, गोळ्या पकडल्या. एका दुपारी ती थेट बायका न बसणाऱ्या त्या बैठकीत आली. हाजनं कॉफी दिली. तिनं मला न पिता त्याच्यासमोर ठेवलं.

"हाजी, सुहैबला दवाखान्यात न्यायचंय. नशा सोडवतात तिथे. आपणहून गेलं तर पोलिसांत देत नाहीत, नावही फोडत नाहीत. मी विचारून आलेय. तो तुमच्याच शब्दाला मान देतो. तुम्ही चला."

हाजचा चेहरा उतरला. "तुझ्या रुबाचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. भाऊ नशाबाज म्हटल्यावर कोण नेईल तिला?"

"पोरगा हातचा जाईल हो!"

"लग्न होऊ दे, मग बघू. आणि बाईमाणसानं पेला मांडायचा नसतो."

तो "पी" म्हणाला नाही. नौफा निघून गेली. माझ्यात कॉफी संध्याकाळपर्यंत तशीच होती, वर साय धरल्यासारखा काळा थर आला होता.

सतराव्या दिवशी सुहैब टँकरच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलेला सापडला. सत्तावीस वर्षांचा. सुतकाच्या मांडवात आम्हा सहाही जणांना नेलं होतं. येईल त्याला हाज सांगत होता, "उष्माघात झाला." सगळे कॉफी पिऊन "अल्लाची मर्जी" म्हणत होते. गोळीचं नाव कुणी काढलं नाही. रुबाचं लग्न अखेर पुढं ढकलावंच लागलं.

मांडव उठल्यावर हाजकडे पाच पेले परत गेले. मला नौफानं ठेवून घेतलं.

तेव्हापासून मी तिच्या पिशवीत असतो. कुणाचा मुलगा गोळ्या खातो असं कानावर आलं, की ती त्या घरी जाते. माझ्यात कॉफी मागून घेते आणि मला खाली ठेवते. चार घरांत "पी" म्हणाले. एका घरी मला अंगणात भिरकावलं, तिथला टवका अजून दिसतो. "स्वतःचं पोर सांभाळता आलं नाही, आणि चालली गावाला शिकवायला!" असंही ऐकलं. तिनं मला उचलून पिशवीत ठेवलं.

गेल्या गुरुवारी ती जुन्या बैठकीत आली. हाजचा नातू औदा याच्या हाताला तोच थरकाप सुटला होता. कॉफी भरली गेली. तिनं मला ठेवलं, बरोबर त्याच जागी.

हाजचा मुलगा म्हणाला, "काकू, औदाला जागरण होतं, बाकी काही नाही."

"गप बस," हाज म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. "हा माझा पेला."

"हो हाजी. सहावा."

कॉफी गार झाली. मला वाटलं, पुन्हा तेच होणार.

"दवाखाना कितीला उघडतो?" हाजनं विचारलं.

"आठला."

"सकाळी मी स्वतः नेतो त्याला." मग तो नौफाकडे वळला. "सुहैबच्या आई... पी."

तिनं मला उचललं. मी तिच्या दातांवर वाजत राहिलो, कारण आता तिचा हात कापत होता.

हाज म्हणाला, "याला इथेच राहू दे, भावंडांत."

"अजून घरं आहेत, हाजी," असं म्हणत तिनं मला पुसून पिशवीत टाकलं.

मी म्हातारा झालोय, टवका उडालाय, कधी फुटेन सांगता येत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या कुणाच्या हातात पेला वाजायला लागला, तर त्याला नाद म्हणू नका. आणि आई समोर पेला मांडून बसली असेल, तर तिला त्याच दिवशी "पी" म्हणा.