कंबर नसलेली बंदूक

सिरिल ट्रँटरच्या शेतावर शिकारीला जायचं, तर कुंपणाशी आल्यावर दुनळी बंदूक कमरेत मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीतून उघडून, हातावर टाकायची आणि मगच पलीकडे पाय ठेवायचा. हा नियम सिरिलच्या बापाचा होता. त्या घरात बापाच्या नियमाला देवाच्या आज्ञेपेक्षा जरा वरचीच जागा होती. दोन्ही नळ्यांतून पलीकडचं गवत दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. सिरिलच्या जुन्या मित्राने, एडविन प्राइसने, उभा जन्म हा नियम पाळला. पण यंदा त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बजावलं, की त्या जुन्या दुनळीची लाथ या खांद्याला पुन्हा लागता कामा नये.

बंदूक सोडली की हातात काठी येते. झुडपं झोडपायची, पक्षी उठवायचे आणि दुसऱ्यांनी ते मारताना बघायचं. काठीचं एडविनला एवढं वाईट वाटलं नसतं. पण त्याची टीझल, बारीक चणीची तपकिरी स्पॅनियल कुत्री, दुसऱ्याने पाडलेले पक्षी दुसऱ्याच्या हातात नेऊन देणार, हे त्याला सोसणारं नव्हतं. तिला त्याने स्वतः शिकवलं होतं. तिचंही तोंड आता पांढरं व्हायला लागलं होतं, आणि तिचे उरलेले हंगाम त्याला तिच्यासोबतच काढायचे होते.

म्हणून तो तालुक्याच्या गावी प्रोबर्टबाईंच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

"सेमी-ऑटोमॅटिक घे," बाई म्हणाल्या. "त्यातही दोन जाती. एक धक्क्याच्या जोरावर चालते. ती स्वच्छ राहते, पण लाथ मारते. दुसरी गॅसवर. बार उडाला की त्याचा गॅस पिस्टन मागे ढकलतो आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं. धक्का त्यातच बराचसा जिरतो."

"ती दुसरी."

"ती काजळी धरते. दर शिकारीनंतर उघडून पुसावी लागेल."

"पुसेन की. आमच्या वडिलांनी बंदुकीला तेल कमी पडू दिलं नाही कधी."

"तिथेच घोडं पेंड खातं बघ. वडिलांची बंदूक म्हणजे बिजागरी होती, हे यंत्र आहे. पिस्टन कोरडा ठेवायचा आणि बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीला, बोटाला लागेल एवढंच तेल. बंदूक आहे ती, बरणीतलं लोणचं नाही."

बाईंनी त्याला बंदूक पुन्हापुन्हा खांद्याला लावायला सांगितली. डोळा नळीच्या रेषेत येईना, तेव्हा दस्त्यातली एक चकती काढून तो आखूड केला. कुंपणाच्या झुडपातला पक्षी पायाशीच उठतो, म्हणून नळीच्या तोंडाला छर्रे रुंद पसरवणारा मोकळा चोक बसवला. आत तीनच काडतुसं मावतात, त्याहून जास्त कायद्याला चालत नाहीत, हेही सांगितलं. एडविनने सगळं ऐकलं. तेलाचं तेवढं ऐकलं नाही.

घरी येऊन त्याने बंदूक बायकोच्या कणीक लाटायच्या फळीवर उघडली. एक स्प्रिंग टणकन उडाली आणि कस्टर्डच्या वाडग्यात गेली.

"रविवारी जेवायला येणाऱ्या पाद्रीबुवांच्या दाताखाली आली तर ती तुझ्या बंदुकीची म्हणून सांगेन," मेरियल म्हणाली.

त्याने स्प्रिंग शोधून चाटून पुसली, आणि मग बापाची आठवण काढून पिस्टनपासून बोल्टपर्यंत सगळ्याला तेलाची आंघोळ घातली. फळीवर थारोळं झालं. मेरियलने फळीकडे पाहिलं आणि त्या दिवशीचा पेस्ट्री लाटायचा बेत रद्द केला.

शनिवारी सकाळी कडकडीत गोठलं होतं. शेताच्या फाटकाशी सिरिल उभा होता, आणि त्याच्या शेजारी डेन्झिल. डेन्झिल हा त्यांचा तिसरा गडी. कुणीही काहीही बोललं तरी मान हलवायची, एवढ्या बळावर त्याने दोघांशीही मैत्री टिकवली होती.

"हे काय आणलंस?" सिरिल म्हणाला. "हिची कंबर कुठाय?"

"हिला कंबर नसते. बोल्ट मागे ओढून आत ही नारिंगी पट्टी घातली, की बंदूक रिकामी. हे बघ."

"मला नळीच्या पलीकडचं दिसलं पाहिजे."

"माझ्या पोटाच्या पलीकडचं तुला कधी दिसलं नाही. ते चालवून घेतलंस ना?"

डेन्झिलने मान हलवली.

"बरं," सिरिल म्हणाला. "आजचा दिवस ये. पण ती बया काडतुसं थुंकते म्हणे. माझ्या कुरणात मेंढ्या चरतात. त्यांच्या पोटात प्लास्टिक गेलं तर भरून कोण देणार? एक जरी रिकामं काडतूस मागे राहिलं, तर पुढच्या शनिवारपासून हातात काठी. काडतूस टाकेल तो काठी धरेल. इथे हाच कायदा, आणि तो सगळ्यांना."

"तुलाही?"

"मी हाताने काढतो आणि खिशात घालतो. माझं काय विचारतोस?"

पहिल्याच कुंपणातून फेझंट, लांब शेपटीचा रानकोंबडा, भर्रकन उठला. एडविनने बार काढला आणि तो चुकला. दुसऱ्या बाराला चाप ओढला, तर नुसतं टक्. थंडीत तेलाचा चिखल झाला होता आणि बोल्ट अर्ध्यातच रुतून बसला होता. कोंबडा सावकाश ओढा ओलांडून गेला.

"तीन बारांची बंदूक घेतलीस ती एक बार काढायला," सिरिल म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की थंडी पळाली. "माझी म्हातारी बरी. दोन म्हणजे दोन."

जेवणाच्या सुट्टीत सिरिल आणि डेन्झिल गोठ्यात मांस भरलेली पेस्ट्री खात बसले, आणि एडविन लँडरोव्हर गाडीच्या मागे बंदूक उघडून, पिस्टन रुमालाने कोरडा होईपर्यंत घासत बसला. प्रोबर्टबाईंचा शब्द न् शब्द आता त्याला आठवत होता. रुमाल मेरियलने वाढदिवसाला दिलेला होता. त्याची तिला काय सबब सांगायची ते नंतर बघू, असं त्याने ठरवलं.

दुपारी बंदूक लोण्यासारखी चालली. पहिला पक्षी पडला. बाहेर उडालेलं पिवळं काडतूस उजवीकडे गेलं आणि थेट सिरिलच्या कॉलरमधून आत उतरलं. सिरिल कुरणात नाचायला लागला. डेन्झिलने मान हलवली.

दुसरा पक्षीही पडला, आणि एडविनने टीझलला सोडलं. तिने पक्ष्याकडे पाहिलं, गवतात पडलेल्या पिवळ्या काडतुसाकडे पाहिलं, आणि काडतूस उचलून मोठ्या रुबाबात त्याच्या हातात आणून दिलं. दुनळीच्या दिवसांत तिने कधी काडतूस उडताना पाहिलंच नव्हतं. धन्याने उडवलं आणि ते जमिनीवर पडलं, म्हणजे ते आणायचं, एवढं तिला कळत होतं.

"बंदूक तर बंदूक, कुत्रीपण वाया घालवलीस," सिरिल पाठ चोळत म्हणाला.

एडविनला ते लागलं. पक्षी डेन्झिलने हाताने उचलून आणला, तेव्हा तर त्याला मान वर करवेना. मग प्रत्येक बाराला तेच होऊ लागलं. टीझल आधी काडतूस आणायची, आणि मन झालं तर पक्षी. सिरिल मागून छडीने गवत उचकटत येत होता. पण त्याला एकही पिवळं काडतूस सापडत नव्हतं, आणि तो जास्त जास्त चिडत होता.

शेवटचं कुंपण उतारावरचं, काटेरी पानांच्या हॉलीच्या झुडपांचं होतं. तिथे आज कुणी बारही काढला नव्हता. टीझल नाक खाली घालून झुडपात शिरली, आत खसफस झाली आणि ती बाहेर आली. तिच्या तोंडात एक काडतूस होतं. ते जांभळं, विटलेलं होतं, आणि त्याला शेवाळ लागलं होतं.

त्या पंचक्रोशीत जांभळी काडतुसं एकटा सिरिल वापरायचा. खास मागवायचा आणि येता-जाता सगळ्यांना सांगायचा.

एडविनने ते हातात घेतलं. टीझल वळली आणि दुसरं घेऊन आली. मग तिसरं. कौतुक होतंय असं वाटून तिच्या अंगात आलं होतं. एडविनचे दोन्ही खिसे भरले तेव्हा तिने डेन्झिलकडे मोर्चा वळवला.

"उंदरांनी ओढून नेली असतील," सिरिल म्हणाला.

कधी कुणाची बाजू न घेणाऱ्या डेन्झिलने घसा साफ केला. "कुठून? तुझ्या खिशातून?"

सिरिलने छडी हॉलीच्या मुळाशी टेकवली. "कोटाला दारूचा वास येतो म्हणून आमची ही, विनिफ्रेड, घरात घेत नाही," तो म्हणाला. "काडतुसाच्या दारूचा. तीस हिवाळे झाले तेच ऐकतोय. म्हटलं, इथे मुळाशी खुपसली तर कोण बघतंय."

एडविनला हसू येत होतं, पण तो हसला नाही. त्याची सगळी पिवळी टीझलने गोळा केली होती आणि तो काठीतून सुटला होता, एवढ्यानेच त्याचं पोट भरलं होतं.

पुढच्या शनिवारी फाटकाशी सिरिल आला तो काठी घेऊन. कुणी काही विचारलं नाही. कायदा बापाचा नव्हता, स्वतःचा होता, तरी त्याने तो पाळला. दिवसभर त्याने झुडपं झोडपली, काट्यांनी हात ओरबाडून घेतले आणि एकही टोमणा मारला नाही. एडविनला ते बघवेना. ओढ्याशी आल्यावर त्याने बोल्ट मागे ओढून नारिंगी पट्टी दाखवली आणि बंदूक पुढे केली.

"एक बार काढतोस?"

"हिला कंबर नाही," सिरिल म्हणाला, आणि घेतली.

त्याने बार काढला. फेझंट आपल्या वाटेने निघून गेला. सिरिल खांदा हलवून बघत होता. "लाथच नाही की रे हिला," तो म्हणाला, आणि मग दुसरा खांदाही हलवून बघितला.

टीझलने पिवळं काडतूस उचललं. एडविनने हात पुढे केला होता, पण ती त्याला वळसा घालून सिरिलपुढे जाऊन बसली. सिरिलने ते वाकून घेतलं, कोटाच्या खिशात घातलं, आणि डेन्झिलला दिसेल असं बटण लावलं.