मांडवखेडची जपानीन

देवमनने गाडी पहिल्यांदा गावातून नेली तो सत्त्याहत्तरच्या फाल्गुनातला रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. बौद्धवाड्यातून निघून, हौदाला वळसा घालून तो पाराशी आला तेव्हा पारावर सात-आठ माणसं बसली होती. गाडी लालभडक, बुटकी, वरून उघडी. आत दोघांपुरतीच जागा, आणि त्यातल्या एका जागेवर देवमनची बायको वच्छला, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. देवमनने हात वर केला. पारावरून एकही हात वर आला नाही. कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. माणसं बोलता बोलता थांबली, आणि गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत थांबलेलीच राहिली.

केनवडच्या रस्त्याला लागल्यावर वच्छला म्हणाली, "उकंडराव पाटलाचा हात पाह्यला का तुमी? तंबाखू मयता मयता थांबला."

"नवी चीज हाय. पाह्यतच लोक."

"तसं नाई पाह्यलं त्यायनं."

देवमनने गिअर बदलला. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. तीन वर्षं तो ह्या आवाजाची वाट बघत होता, आणि आज त्याला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

तो दहा वर्षं फौजेत गाड्यांचा मिस्त्री होता. एकाहत्तरची लढाई संपली, वर्षभरात तो घरी आला आणि रिसोडच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर लागला. त्याच्या बापाने छप्पन सालानंतर गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावाने वाड्यातल्या माणसांना दोन हंगाम कामाला बोलावलं नव्हतं. देवमन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. ते दोन हंगाम त्याच्या आईच्या, भागिरथाच्या, अजून बोलण्यात येत.

गाडी मिळाली वाशिमच्या इस्माईल भंगारवाल्याकडे. देवमनने त्याच्या ट्रकचं इंजिन दोन रविवार घालून उभं केलं होतं आणि मोबदला घेतला नव्हता. इस्माईलने त्याला आवाराच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. बाभळीखाली ती पडली होती, समोरचा उजवा पंखा, चाकावरचा पत्रा, चेपलेला, काच नाही, सीटवर कोंबडी बसलेली.

"जपानी हाय," इस्माईल म्हणाला. "मुंबईले कोन्या वकिलातीत होती म्हनतात. मंग अकोल्याच्या एका शेठच्या पोरानं घेतली अन् झाडाले ठोकली. माह्याकडे तोडाले आली. पन देवमन, हिले तोडाले हात धजत नाई माहा. तू घेऊन जा."

बैलगाडीला बांधून आणलेली ती गाडी देवमनच्या घरामागच्या कडुनिंबाखाली तीन वर्षं उभी राहिली. जिनिंगची सुटी झाली की तो तिच्यापाशी. इंजिन उतरवलं, एकेक नट रॉकेलात घातला. पिस्टनच्या रिंगा अकोल्याच्या लेथवर करून आणल्या. तांब्याच्या पत्र्यातून हातानं गॅस्केट कापलं. चेपलेला पंखा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत पहिल्या आकारात आणला; त्याला एक पावसाळा गेला. तिला दोन कार्बोरेटर होते. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि एक कार्बोरेटरच्या तोंडाला लावून तो दोन्हींचा श्वास सारखा होईपर्यंत तासन्‌तास बसे. सीटचं कापड वच्छलानं शिवलं, तपकिरी रेक्झिनचं, दुहेरी टाक्याचं. सुया मोडल्या, बोटं सुजली, पण शिवण कुठे वाकडी नाही गेली. वाड्यातल्या पोरांनी गाडीला नाव ठेवलं, जपानीन.

एकच गोष्ट त्याच्या मनासारखी झाली नाही. ब्रेकच्या मुख्य नळकांड्यातलं रबर कुजून गेलं होतं, आणि तसं रबर अकोल्यात नाही, नागपुरात नाही. त्याने दुसऱ्या गाडीचं रबर तासून बसवलं. ते धरायचं, पण पहिल्या दाबाला नाही. पहिल्यांदा पाय दाबला की पॅडल खाली बसे. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट लागे. देवमनच्या पायाला ती सवय होऊन गेली. मुंबईहून रबर येईपर्यंत गाडी आपणच चालवणार, दुसरं कोण, असं त्याला वाटे.

त्या रविवारनंतर आठ दिवसांनी वच्छला दळण घेऊन गेली तर चक्कीवाला म्हणाला, पट्टा तुटला. पट्टा फिरत होता. तिच्या डोळ्यांसमोर फिरत होता. मग भागिरथाला शेजारच्या शेतातल्या वाटेवर काटेरी फांद्या टाकलेल्या दिसल्या. मग एका सकाळी गाडीच्या बॉनेटवर शेण होतं. लावलेलं नव्हतं, व्यवस्थित मध्यभागी ठेवलेलं होतं. देवमनने ते धुऊन टाकलं आणि आईला सांगितलं नाही. आईने पाहिलं होतं.

"बाबू," ती म्हणाली, "सायकल चांगली होती."

चैत्र लागला आणि उकंडराव स्वतः आला. पन्नास वर्षांत त्याच्या घरातलं कोणी वाड्यात पाय ठेवून गेलं नव्हतं. वच्छलाने बाज टाकली. तो बसला नाही. कडुनिंबाखाली उभा राहून गाडीकडे बघत राहिला. हात मागे बांधलेले.

"मेहनत केली तू," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "फौजेत शिकला म्हनून. आमच्या पोराचं, पंजाबचं लगन हाय वैशाखात. नवरदेव हिच्यात बसून जाईन."

"मी घेऊन जातो पाटील," देवमन म्हणाला. "म्या चालवतो."

उकंडराव हसला. "तू कायले तरास घेतं. पंजाबले जीप येते. तोच चालवन." आणि उत्तराची वाट न बघता तो वळला. वाड्याच्या तोंडाशी थांबून त्याने घरं मोजल्यासारखी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नजर फिरवली, आणि गेला.

त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही. वच्छला म्हणाली, "नाई म्हना." भागिरथा म्हणाली, "देऊन टाक. एका दिवसाची गोठ हाय." देवमन वाशिमला गेला तेव्हा इस्माईल म्हणाला, "माह्या आवारात आनून लाव. लगन होईस्तोर मी ताडपत्री टाकून ठेवतो. इचारलं तर सांग, इंजिन बसलं."

हे सोपं होतं. दोन रविवार मधे गेले, आणि देवमनने गाडी नेली नाही. आपली गाडी आपण लपवायची कशासाठी, हा एक विचार त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. एक दिवस देऊ, ब्रेकचं नीट समजावून सांगू, संध्याकाळी परत आणू. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने गाडी धुतली, सीटवरून ओला फडका फिरवला, आणि मनात वाक्य ठरवून ठेवलं: पंजाबराव, ब्रेक दोनदा दाबा लागते, हे ध्यानात ठेवा.

सकाळी आठला चार माणसं आली. सोबत पंजाबराव, हळदीने पिवळा, मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या. देवमन किल्ली हातात घेऊन उभा राहिला. चारातल्या एकाच्या हातात पितळी तांब्या आणि आंब्याचा डहाळा होता. देवमनला वाटलं गाडीची पूजा करणार असतील.

तांब्यात गोमूत्र होतं.

त्या माणसाने आधी स्टिअरिंगवर शिंपडलं. मग गिअरच्या दांड्यावर. मग सीटवर, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तांब्याच वाकडा केला. वच्छलाच्या टाक्यांवरून ओघळ खाली गेले. कोणी रागात नव्हतं. घर सारवावं तसं ते काम करत होते. वच्छला दारात उभी होती. ती आत गेली. वाड्यातली इतर माणसं आपापल्या ओट्यांवरून बघत होती, आणि देवमनला कळलं की सगळे गाडीकडे नाही, त्याच्याकडे बघताहेत.

त्याने किल्ली पुढे केली. पंजाबरावाने हातांची ओंजळ केली. किल्ली वरून पडली, हाताला हात न लागता.

पंजाबराव सीटवर बसला. पोरगा वाईट नव्हता. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद आला. वर बघून तो म्हणाला, "देवमनदादा, काही सांगाचं हाय का? जीपीपेक्षा येगळं काही?"

देवमनच्या जिभेवर वाक्य तयार होतं.

"नाई," तो म्हणाला.

गाडी गेली. वाजंत्री सुरू झाली. वरात आधी गावातून फिरणार, मारुतीपाशी थांबणार, मग वेशीबाहेर पडणार. तोवर माणसं पुढे चालत असतात, गाडी रांगते, ब्रेक लागला काय नि नाही काय. पण गावाबाहेर दोन मैलांवर रस्ता नाल्याकडे उतरतो. लांब उतार, आणि खाली फरशी पूल, कठडा नसलेला. देवमन ओट्यावर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो उतार होता.

वच्छला बाहेर आली. "बिरेकचं सांगतलं ना?"

तो वेशीकडे बघत राहिला.

ती त्याच्याजवळ आली आणि खाली बसून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. "सांगतलं ना तुमी?"

वाजंत्री मारुतीपाशी थांबली होती. मग पुन्हा सुरू झाली, वेशीकडची. देवमन उठला. सायकल भिंतीला टेकलेली होती.

शेतातली वाट जवळची होती. जिथे काट्या टाकल्या होत्या तिथे त्याने सायकल खांद्यावर घेतली, पायात काटे मोडले, शेताच्या धुऱ्यावरून पळत तो रस्त्यावर आला तेव्हा फरशी त्याच्यामागे वीस पावलांवर होती आणि उताराच्या डोक्यावर लाल ठिपका. वाजंत्री मागे राहिली होती. मोकळा रस्ता मिळाल्यावर पंजाबरावाने गाडी सोडली होती, कोणीही सोडली असती. शेजारी त्याची मोठी बहीण लिलाबाई, करवली.

देवमन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"दोनदा दाब," तो ओरडला. "बिरेक, दोनदा दाब."

पंजाबरावाने हॉर्न वाजवला. त्याला वाटलं असेल, हा गाडी अडवायला आला. गाडीचा वेग कमी झाला नाही. मग जवळ आल्यावर देवमनने त्याचा चेहरा बदलताना पाहिला. पाय दाबल्यावर खाली काहीच नाही हे कळल्याचा चेहरा. पुन्हा दाबायच्या ऐवजी त्याने स्टिअरिंग वळवलं. गाडी देवमनच्या हाताएवढ्या अंतरावरून गेली, फरशीच्या कडेला एक चाक अधांतरी फिरलं, आणि ती कोरड्या नाल्यातल्या दगडांवर उलटली.

देवमन खाली उतरला. आधी लिलाबाईला काढलं. तिची मांडी मोडली होती. मग पंजाबरावाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, पण तो बोलत होता, तो सारखा एकच विचारत होता, "दोनदा म्हंजे काय? दोनदा म्हंजे काय, देवमनदादा?"

वऱ्हाड धावत आलं तेव्हा देवमन पंजाबरावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. उकंडरावाने आधी पोराला पाहिलं, पोरीला पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "तू अथी कसा?"

पुढचं लवकर झालं. फौजदाराने विचारलं, देवमनने सांगितलं, ब्रेकचं माहीत होतं, पंजाबरावाला सांगितलं नाही. फौजदार चांगला माणूस होता, त्याने लेखणी खाली ठेवून म्हटलं, "विसरलास असं लिहितो." देवमन म्हणाला, "इसरलो नाई." गोमूत्राचं त्याने कोर्टात सांगितलं. लोकांनी मान हलवली, जशी न जुळणाऱ्या गोष्टीवर हलवतात. आठ महिन्यांची शिक्षा झाली. रस्त्यात उभा राहिला नसता तर गाडी फरशीवरून सरळ निघून गेली असती की नाही, हे त्याला कोणी विचारलं नाही. तुरुंगात त्याने स्वतःला तेवढंच विचारलं.

पंजाबरावाचं लग्न पंधरा दिवसांनी झालं, हात गळ्यात बांधलेला. लिलाबाईचा पाय आखूड राहिला. गाडी नाल्यातच होती. पहिल्या पुराने ती वाळूत अर्धी पुरली.

आणि गावाने वाड्याला कामाला बोलावणं बंद केलं. वीस घरांना. कोणी काठी उगारली नाही, कोणाचं घर जाळलं नाही. पेरणीला बोलावलं नाही, निंदणाला नाही, वेचणीला नाही. माणसं तीन-तीन कोस चालून दुसऱ्या गावांना जात. दोन घरं सामान बांधून निघून गेली. इस्माईल ट्रक घेऊन आला होता, वच्छलाला आणि भागिरथाला वाशिमला चला म्हणाला, वच्छला म्हणाली, "आमी गेलो तं ह्या लोकायनं कोनाच्या तोंडाकडे पाहाव?" ती राहिली आणि सगळ्यांबरोबर चालून मजुरीला गेली.

देवमन माघात सुटून आला. भर दुपार होती. वाड्यात शिरताना त्याने मान खाली घातली होती. पहिलं घर केशरबाईचं. तिचा नवरा सहा महिन्यांपासून हिंगणघाटकडे मजुरीला गेलेला. तिने त्याला हाक मारून थांबवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"देवमन," ती म्हणाली, "त्या पोरानं तं इचारलं होतं तुले. आमी सर्‍यायनं आयकलं. तुले सांगाले काय झालं होतं?"

देवमन तांब्या हातात घेऊन उभा राहिला. कोर्टात दिलेलं उत्तर त्याला पाठ होतं. ते खरं होतं, पण ह्या दारात ते पुरणार नव्हतं. केशरबाई वाट बघत होती, तिच्यामागे आणखी दोन-तीन दारं उघडली होती. तांब्या ओट्यावर ठेवून तो तिच्यासमोर, उन्हात, खाली बसला.