विहिणीला पाला

माझी विहीण रिस्पा नातीला बघायला काकामेगाला आमच्या घरी आली, ती छातीत टिकटिक घेऊनच. मी भिंतीवर घड्याळ शोधत राहिले.

"आयुमाबाई, ती मीच वाजतेय," ती म्हणाली. तिच्या हृदयाची झडप खराब झाली म्हणून डॉक्टरांनी धातूची बसवली होती. झडपेवर रक्त साकळू नये म्हणून ती रोज रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची.

विहीण म्हटल्यावर माझ्याकडे कोंबडीच. रोज, रश्शासकट, मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीबरोबर. ती दोनदा चाचरत म्हणाली, "घरी मी रोज मुरेरेचा पाला खाते हो. थोडासा कराल?"

"तो घरी जाऊन खा. विहिणीला पाला वाढला म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालेल!"

आठवड्याने सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं, हिरड्यांतूनही. रुमाल भिजला तरी थांबेना. हिला माझ्या घरात काही झालं तर सुनेला तोंड कसं दाखवू? शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला.

"खाण्यात काही बदल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोंबडी!" मी ताठ मानेनं म्हणाले. "पाला नावालासुद्धा नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, पाला रक्त घट्ट करतो, गोळी पातळ करते. रोजचा पाला धरूनच हिची गोळी ठरवली होती. तुम्ही पाला तोडलात, गोळीला मोकळं रान मिळालं."

इतक्या मायेनं मीच तिला मारत होते. मला भर दवाखान्यात रडू फुटलं.

रक्त थांबलं, रिस्पा घरी आली. मी मुरेरे शिजवला आणि दार लोटून वाढत होते, तोच शेजारीण नाबवायरे आत घुसली. ताटात बघून तिचे डोळे विस्फारले. "अगं बाई! पाहुणीला पाला?"

खोलीत नुसती टिकटिक.

"पाहुणी कोण?" मी म्हणाले. "घरचीच आहे ती."

रिस्पानं घास गिळला, माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण जीभ काही गप्प बसेना.

"घरची ना? मग उद्यापासून पाला मी खुडणार. तू मेली सगळी जून पानं घेतेस."