शीतलची शेवटची शाई

बुद्धभूषण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरच्या बॉनेटला रंग मारत होता, तेव्हा कॉलेजातून फोन आला. शीतल मॅडमच्या मांडीवर ॲसिड सांडलं. त्यांनी धुतलं, दुखत नाही म्हणाल्या, परत कामाला बसल्या आणि दुपारी कोसळल्या. तो दवाखान्यात पोचला तोवर बायकोच्या तोंडावर चादर ओढली होती.

ते काच खाणारं ॲसिड होतं. अंगावर पडलं तरी आधी दुखत नाही, आत जात राहतं. एवढंच त्याला कळलं आणि त्याची झोप गेली.

पुढच्या महिन्यात शीतलची विद्यार्थिनी आयेशा घरी आली. कॉलेजात लाईट टिकत नाही म्हणून शीतलने घरच्या फ्रिजमध्ये एक बाटली ठेवली होती. आत काळं पाणी. शीतल गेल्यापासून बुद्धभूषणने फ्रिज उघडला नव्हता.

"काका, शाई हाये ती. एका भुकटीच्या कणाकणातला एक थर ॲसिडनं खाऊन टाकला की असे पापुद्रे उरतात, केसाहून कितीतरी पातळ. काचेवर बसवले की काच आरपार दिसती अन् वीजबी वाहती."

"अन् ॲसिड?"

"धुऊन गेलं. मॅडमनीच धुतलं."

"मांडीबी तिनंच धुतली व्हती."

आयेशाने बाटली उजेडात धरली. मग म्हणाली, "शाई खराब व्हायला लागली, काका. काचेवर मारायच्या आधी ही गेली तर मला नवी करावी लागंल. त्याच ॲसिडानं."

त्याने बाटली तिच्या हातून काढून घेतली. "तू हात लावायचा न्हाई. मी मारतो."

"जाड नका मारू. ट्रॅक्टर न्हाई हा."

वर्कशॉपमध्ये त्याने स्प्रे गन धुतली, तिच्यात शाई भरली, काच तापवली. शेजारी उभ्या आयेशाने दिलेले हातमोजे घातले, पण डाव्यात बोटं नीट बसेनात म्हणून तो काढून ठेवला. आणि रोजच्या सवयीने, फवारा कसा पडतो ते बघायला, गन डाव्या तळहातावर मारली.

तळवा काळा झाला. तो पाण्याच्या पिंपाकडे धावला, हात बुडवला, घासला.

"दुखतंय का?" आयेशाने विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला, आणि पुन्हा हात घासू लागला. शीतलही हेच म्हणाली होती.

आयेशाने ॲसिड ओळखायच्या निळ्या कागदाच्या पट्टीचं टोक शाईत बुडवून दाखवलं; वर पाणी चढलेला भाग निळाच राहिला. "ॲसिड असतं तर ही लाल झाली असती." त्याने पट्टी बघितली. पटलं नाही. तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला तसा तो ओरडला, "लांब हो!"

पण काम सोडलं तर ही पोरगी ॲसिडकडे जाणार. त्याने ओल्या हाताने गन उचलली. शाईचा एक हलका हात, वाळू द्यायचं, पुन्हा एक. शेवटी काच जराशी धुरकट दिसली. तिच्यामागे धरलेल्या पेपरातली अक्षरं वाचता येत होती.

"मीटर लावू?"

"आधी माझ्या हाताचं कळू दे. तोवर काचेला शिवू नको."

तो तळहात उघडा ठेवून बाकड्यावर बसला. आयेशा समोर बसली. काचेतून वीज जाते का, ते अजून बघायचं राहिलं आहे.