मेंदीची दाढी

मी एक फोटो बोलतोय. तोही पाण्याखालचा, तेव्हा आवाज जरा बुडबुड्यांतून येतोय असं समजा.

माझा जन्म मालवणच्या समुद्रातला. पौडच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारे फकरुद्दीनभाई आयुष्यात पहिल्यांदा पाण्याच्या तळाशी गेले, ते लेकीचा, उझमाचा हात घट्ट धरून. बायको फहमिदा काठावर दोघांच्या चपला सांभाळत बसली होती. खाली पाणबुड्यानं कॅमेऱ्याची कळ दाबली आणि मी झालो.

पण कसला झालो! खोल पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. मी आपला हिरवानिळा, धुरकट. घरी मोबाईलवर मला बघून सगळे हसले, भाईसुद्धा पोट धरून हसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या ईदच्या आधीच भाई झोपेत गेले. आता त्यांचा शेवटचा फोटो मीच. फहमिदा मला रोज उघडायची, दोन बोटांनी मोठं करायची आणि त्यांना शोधायची. सापडणार कसे? डोळ्यांवर भला मोठा चष्मा, तोंडात हवेची नळी. उरली ती दाढी, तीही काळपट.

शेवटी उझमानं मला शैलेशकडे पाठवलं. हा नगरकडचा, पौडात नुकताच स्टुडिओ टाकलेला, लग्नाच्या अल्बमवर हात बसलेला. त्यानं कॉम्प्युटरवर माझा निळा उतरवला, लाल चढवला, धुरकटपणा काढला. अहाहा, वाळू पिवळी दिसायला लागली! मग त्याची नजर दाढीवर गेली. ती चांगली तांबडी झाली होती. लाल जास्तच चढला, असं वाटून त्यानं तेवढी दाढी बारीक ब्रशनं काळीभोर केली. वर सवयीनं नवरदेवासारखे गालही गोरे केले. मी आतून ओरडत होतो, पण फोटोचं ऐकतं कोण?

फहमिदा बघायला आली. पडद्यावरच्या काळ्याभोर दाढीवर तिनं बोट ठेवलं.

"हे आमचे न्हाईत," ती म्हणाली. "त्यांच्या दाढीला दर जुम्म्याला मी मेंदी लावायची. पाण्यात उतरताना म्हणलं, खाऱ्या पाण्यानं रंग जाईल. तर म्हणले, गेला तर तू हायेस की."

शैलेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाची, चुकलं माझं, म्हणत त्यानं ब्रशचं सगळं काम पुसून टाकलं. गाल सावळे झाले, दाढी परत तांबडी झाली. फहमिदानं पदर डोळ्यांना लावला आणि पोटभर रडून घेतलं. मलाही भरून आलं.

आता मी कागदावर छापून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलोय, अर्ध्या राहिलेल्या मेंदीच्या पुड्याशेजारी. आम्हा जुन्या फोटोंना उजळवा हो, जरूर उजळवा. फक्त आधी घरच्यांना विचारा, माणूस दिसायचा कसा.

काल जुम्मा होता. फहमिदानं दार उघडलं, जवळ येऊन माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बघा, न्हाई गेला रंग."