डबीबाहेरची डिस्क

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस.

तर ती धाकटी. दोघी बहिणींतली धाकटी गं, जिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की घरातलं चालू घड्याळसुद्धा धास्तावतं, तीच. त्यांच्याकडे बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क होती, काळ्या प्लास्टिकच्या डबीतली. वायर जिथे खुपसतात ते भोक सैल झालेलं. जरा धक्का लागला की डिस्क गायब. धाकटी म्हणाली, त्यात काय एवढं, डबी उघडते, आतली डिस्क काढते आणि सरळ बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवते. तिथे एक जादाची डिस्क मरून पडली होतीच, ती काढून तिच्या जागी ही.

आता त्या डिस्कवर काय होतं, तर आईचा आवाज. आईच्या घशाचं ऑपरेशन झालं ना, स्वरयंत्रच काढून टाकलं. त्याआधी आठवडाभर ताई तिला समोर बसवून बोलायला लावायची. काहीही बोल म्हणायची. आम्हाला हाका मार, गॅस बंद केला का विचार, शेजारणीला नावं ठेव. आई म्हणायची, "मी कुठे चाललेय का? आवाज चाललाय फक्त." तो आवाज अख्ख्या जगात त्या एका डिस्कवर. आणि तेव्हापासून एकदाही कोणी लावून ऐकलेला नाही. छातीच झाली नाही कोणाची.

तर बाईसाहेबांनी डिस्क बसवली, कॉम्प्युटर चालू केला. आणि तो काय म्हणतो? ही डिस्क नवी आहे, वापरायची तर आधी तयार करून घ्या. खाली दोन बटणं, ओके आणि रद्द.

नवी? धाकटीने ते परत परत वाचलं. हाताला इतका घाम की माउस निसटायला लागला.

ताई मागून आली. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुझे कान लाल होतात. ओके दाब की मग." आणि ताईने हात पुढे केलासुद्धा. धाकटीने तिचं मनगट असं धरलं की बांगडीच वाकली.

मग दुरुस्तीवाल्या काकांना फोन. ते म्हणाले, "डबीतून बाहेर काढायचा सल्ला कोणी दिला?"

"मीच."

"वाटलंच. अगं, त्या डबीत एक छोटं सर्किट असतं. डिस्कवरची मांडणी कधी कधी त्याच्याच पद्धतीची असते. तुझ्या कॉम्प्युटरला ती कळत नाही, म्हणून त्याला डिस्क कोरी वाटते. सगळं आहे आत. परत डबीत घाल. आणि ओके दाबलंस तर मला तोंड दाखवू नकोस."

सगळं आहे आत म्हटल्यावर धाकटीच्या जिवात जीव आला, आणि तिथेच घात झाला. घाईघाईने डिस्क काढली, डबीकडे वळली, आणि ती हातातून सटकून फरशीवर. फार उंचावरून नाही गं, मांडीएवढ्या उंचीवरून. पण पडली ती पडलीच.

डबीत घालून, वायर अंगठ्याने वर दाबून धरून जोडली. ओळखली. सगळं दिसायला लागलं. पण आतून आवाज. टक. मग थांबून परत टक.

काकांनी फोनवर तो ऐकला आणि हळू आवाजात म्हणाले, "आता वेळ घालवू नकोस. जे सगळ्यात जास्त हवंय ते आधी कॉम्प्युटरवर काढून घे. दुसरं निघेल याची खात्री धरू नकोस."

आता दुसरं म्हणजे काय, तर ताईचं सगळं संशोधन. लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून ताईने प्रयोगशाळेतले फोटो, मोजमापं, सगळं याच डिस्कवर टाकलेलं. प्रबंध द्यायचा याच महिन्यात.

ताईचा चेहरा पांढराफटक, पण म्हणाली, "आईचं आधी."

तेवढ्यात टेबलावर टकटक. आई दारातून कधी आत आली, कोणाला कळलंच नाही. दोनदा वाजवलं म्हणजे 'नाही', ही तिची भाषा. तिने स्क्रीनवर ताईच्या फोल्डरवर बोट टेकवलं. धाकटी हलेना, तेव्हा परत दोनदा, जोरात.

धाकटीचा डावा अंगठा वायरवर, बधिर झालेला. उजवा हात माउसवर. डिस्क टक टक करतेय, ताई म्हणतेय आईचं, आई म्हणतेय ताईचं, आणि दोघी बघतायत तिच्याकडे.

तिने आईचं घेतलं.

ते आलं सगळं. मग ताईचं उतरवायला घेतलं, ते जेमतेम सुरू झालं आणि डिस्क गप्प. परत ओळखलंच नाही तिला कोणी, काकांच्या दुकानातल्या मशीननेही नाही.

ताई सकाळी उठून परत प्रयोगशाळेत जायला लागली, मोजमापं पहिल्यापासून घ्यायला. आई मात्र धाकटीकडे बघतच नाही. वाढते, कपडे घडी करून ठेवते, पण बघत नाही. आणि तो आवाज आहे कॉम्प्युटरवर. धाकटी रोज फाइलवर माउस नेते, आणि परत बाजूला घेते. आईच्या देखत लावायचा तरी कसा?

खरं सांग, तू काय केलं असतंस?