छोट्या लाईनीचा गोळा

पार्वताबाईंनी गोळा पदराखाली धरला आणि रुळांच्या मधोमध बसकण मारली. गॅसकटर पेटवायला निघालेला माणूस तसाच थांबला.

ठेकेदाराचा सुपरवायझर अनुप, शहरात राजापेठेत राहणारा तरुण, गोड बोलून बोलून थकला होता. बंद पडलेल्या छोट्या लाईनीचं, म्हणजे नॅरोगेजचं, लोखंड उचलायचं काम ठेकेदाराला रीतसर मिळालं होतं. अडलं होतं ते या गोळ्यावर. स्टेशनच्या सामानात तो कमी भरत होता, आणि तो पार्वताबाईंच्या घरी आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज मिळाला नाही तर पोलिसात तक्रार जाणार, आणि नाव येणार त्यांच्या मुलाचं, किशोरचं, कारण घर त्याच्या नावावर. किशोर धामणगावला मोठ्या लाईनीवर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, गाड्यांना निशाण दाखवणारा. रेल्वेच्या नोकराच्या घरात रेल्वेचा चोरीचा माल सापडला तर नोकरी राहते कशाला!

गोळा तो केवढा, मोसंबीएवढा, लोखंडी. पण एकेरी लाईनीवर दोन स्टेशनांच्या मध्ये तो एकच असायचा. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचीच गाडी रस्त्यावर. दुसऱ्या गाडीनं तिकडं फिरकायचंही नाही. पुढच्या स्टेशनवाल्यानं शेवटच्या डब्याचं निशाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, 'गाडी पुरी आली' म्हणायचं आणि मगच गोळा घ्यायचा. वऱ्हाडातला कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात ही लाईन पडली. इंग्रज गेले, कापसाच्या गाठी ट्रकवर गेल्या, पण हा नेम कुणी मोडला नाही.

पार्वताबाईंचे मालक नत्थुजी शेवटच्या मालगाडीचे ड्रायव्हर. इंजिन अर्ध्या रस्त्यात बसलं. मदतीची वाट पाहिली, तर आली ती लाईन बंद झाल्याची खबर. इंजिन आणि डबे मागाहून ट्रेलरवर घालून नेले. नत्थुजी गोळा घेऊन पायी घरी आले आणि गेल्या उन्हाळ्यात डोळे मिटेपर्यंत सांगत राहिले की गोळा कुणी घेतला नाही, म्हणजे गाडी अजून रस्त्यात आहे. लोक हसायचे. पार्वताबाई कधी हसल्या नाहीत.

"माय, ऊठ," किशोर म्हणाला. तो ड्युटीवरून तसाच धावत आला होता. "माही नोकरी जाईन."

"मी कुठी नाई म्हनून राहिली? पण रीतीनं घ्या म्हना. गाडी पुरी आली म्हना, अन् न्या."

अनुपला हायसं वाटलं. एवढंच असेल तर त्याचं काय जात होतं? त्यानं हात पुढे केला आणि गाडी पुरी आली म्हणून मोकळा झाला.

"तुह्यं नाई चालत बापू. तू भंगारवाला. रेल्वेचा माणूस पायजे." आणि पार्वताबाई किशोरकडे वळल्या. "तू सांग."

काम सोपं होतं. किशोरनं लाईनीकडं पाहिलं. दोन्ही रुळांच्या मध्ये बाभळी माजल्या होत्या, पुढं वळणापर्यंत सगळं ओसाड. हेच शब्द तो रोज बोलत होता, पण निशाण पाहिल्याशिवाय आजवर एकदाही बोलला नव्हता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. घराचे हप्ते आठवले, मुलीची, प्रणालीची, कॉलेजची फी आठवली. पुन्हा तोंड उघडलं. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"बोल ना भाऊ," अनुप म्हणाला.

"निशाण नाई दिसलं," किशोर खाली पाहत म्हणाला. "कसं म्हनू?"

पार्वताबाईंनी मान वर करून मुलाकडं पाहिलं. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. नवऱ्याचा शब्द राखता राखता त्या पोराच्या पोटावर उठल्या होत्या, आणि ते कळूनही पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पदराखालचा गोळा काढून अनुपच्या हातावर ठेवला.

"म्या पायलं," त्या म्हणाल्या. "पुरी आली."

अनुपनं गोळा जीपमध्ये टाकला आणि कटरवाल्यांना हात केला.

"थांबा," किशोर म्हणाला. "आधी सगळे लाईनीतून बाजूले व्हा."

"काहून?" कटरवाल्यानं विचारलं.

किशोरनं मायचा हात धरून तिला रुळांबाहेर घेतलं आणि रोज गाडी येताना राहतो तसा लाईनीकडं तोंड करून ताठ उभा राहिला. माणसं आपसूक मागं सरली. एकानं तर वाकून वळणाकडं पाहिलं.